सगळे आले का?

आमच्या शाळेत दहावीचा गणिताचा तास घंटेनं सुरू होत नसे. घंटा व्हायची, विमलताई कंधारकर फळ्यापाशी येऊन उभ्या राहायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि तेलुगूत विचारायच्या, "अंदरु वच्चिन्रा?" सगळे आले का? वर्ग ओरडायचा, "वच्चिन्रु टीचर!" मगच खडू फळ्याला लागायचा. कुणी पाणी प्यायला गेलेलं असलं, कुणी जिन्यात रेंगाळत असलं, तर पुढच्या बाकावरून इमानदारीनं आवाज यायचा, "राले टीचर." नाही आले. विमलताई खडू टेबलावर ठेवायच्या. "ऐते, आगुदां," म्हणायच्या. मग थांबू या. आणि हाताची घडी घालून खरंच थांबायच्या.

शेजारच्या वर्गात मी भौतिकशास्त्र शिकवीत असे. भिंत पातळ. माझं प्रकाशाचं परावर्तन निम्मं होऊन जायचं, तरी पलीकडे शांतता. एकदा न राहवून म्हटलं, "ताई, अशानं कोर्स कधी पुरा व्हायचा?"

"कोर्स सरकारचा आहे रे प्रभाकर," त्या म्हणाल्या. "वर्ग माझा आहे. आधी तो पुरा होऊ दे."

आमची सरकारी शाळा बेगम बाजाराच्या मागच्या अंगाला होती. गल्लीत मिरचीची पोती उतरायला लागली की अख्खी शाळा शिंकायची. प्रार्थनेच्या वेळी उतरली तर प्रार्थना शिंकांतच आटपायची. शिक्षक तेलुगू आणि उर्दू बोलणारे. मराठी आम्ही दोघंच. म्हणून स्टाफरूमच्या कोपऱ्यात आमचं एक छोटं राज्य होतं. कुणाची उखाळीपाखाळी काढायची तर मराठीत. विमलताई नल्लकुंट्याहून बसनं यायच्या, कोठीला बस बदलायच्या. माझी स्कूटर होती, घर वाटेतच, पण मागे बसायला कधी तयार झाल्या नाहीत. "स्कूटरवर बसलं की माणसं दिसत नाहीत, नुसती डोकी दिसतात," हे त्यांचं कारण. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. चहा बशीत ओतून, आणि तोही फुर्रकन आवाज करून. उर्दूच्या बाई नाक मुरडायच्या, तर विमलताई त्यांच्यापुढे दुसरी बशी सरकवायच्या: "आप भी करके देखो, थंडा हो जाता."

ती राज्याच्या वाटणीची वर्षं. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नसे. कोण इकडचा, कोण तिकडचा, कुणाची सीनिऑरिटी जाणार, कुणाला कुठं टाकणार. पुढे जिल्हेही मोडून नवे झाले. विमलताई बशी ओठाला लावून ऐकत असायच्या. "आमच्या घराला वाटण्या नव्या नाहीत," एकदा म्हणाल्या. छप्पन साली निजामाच्या जुन्या मुलखाचे तीन तुकडे झाले, तेव्हा त्यांचे वडील सरकारी दफ्तरात कारकून होते. मराठी जिल्हे मुंबईकडे गेले, तिकडे जायचं का म्हणून त्यांना विचारणा झाली. सगळे नातलग गेले. हे राहिले. कारण घरात विमलताईंची अक्का आत्या होती. तिला चालता येत नव्हतं. नव्या गावी घर कसं मिळेल, पायऱ्या किती असतील, तिला उचलणार कोण, याचा विचार करता करता जायचं राहूनच गेलं. "आमचं हैदराबाद असं आहे बघ," त्या म्हणाल्या. "एका बाईच्या पायांनी आम्हाला इथं ठेवलं."

अक्का आत्याला शाळेत कधी घातलं नव्हतं. मागच्या खोलीत बसून तिनं आयुष्य काढलं. जेवायच्या वेळी सगळे स्वयंपाकघरात पाटावर बसायचे, तेव्हा ती आतून हाक मारायची, "सगळे आले का गं?" आणि आई ताटं वाढत उत्तर द्यायची, "आले, आले." विमलताईंनी हे एवढंच सांगितलं आणि बशी विसळायला उठून गेल्या. त्यांचा वर्गातला प्रश्न कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

सफिया आमच्याकडे सहावीत आली. तिचे पाय जन्मापासून लुळे. बाप खाजाभाई बेगम बाजारात हमाली करायचा. सकाळी माल भरायच्या आधी तो रिकाम्या ठेल्यावर गोणपाट अंथरून तिला बसवायचा आणि शाळेच्या फाटकापर्यंत ओढत आणायचा. ठेल्यावर आदल्या दिवशीची हळद सांडलेली असायची. सफियाच्या पांढऱ्या ओढणीची कड त्यामुळे सदा पिवळी. वर्गातल्या पोरी तिला 'हल्दी' म्हणायच्या. ती चिडायची नाही. "हौ, मेरी रोज हल्दी हो री," म्हणून हसायची.

प्रवेशाच्या दिवशी तेव्हाचे हेडमास्तर खाजाभाईला समजावत होते, अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात, तिथं जा, तिथं तिची सोय होईल. विमलताई हजेरीपत्रक न्यायला आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक चोपडं काढलं. किराणा दुकानाच्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं, बाहेरून लक्ष्मीचा फोटो, आत अपंगांच्या हक्कांच्या कायद्याची झेरॉक्स. स्टाफरूममध्ये त्याला आम्ही पोथी म्हणायचो.

"सर, कायदा म्हणतो, अठरा वर्षांपर्यंत हिला फुकट शिकवायचं, आणि हिला जमेल अशा जागी शिकवायचं. नाही म्हणायची सोय नाही. कलम एकोणपन्नास."

हेडमास्तरांनी प्रवेश दिला. पुढे कधीतरी मी ती पोथी चाळली. म्हटलेलं सगळं खरं होतं, पण कलम एकोणपन्नास हे भलतंच काहीतरी होतं. मी त्यांना दाखवलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "आकडा मोठा सांगितला की साहेब लोक पान उलटत नाहीत."

"तुम्ही गणिताच्या बाई ना?"

"म्हणून तर कळतं, आकड्याला लोक किती घाबरतात ते!"

त्यांचं एक वाक्य शाळाभर झालं होतं: "मेहरबानी नक्को, हक होना." आणि मराठीत, माझ्यासाठी खास: "दया घरी करावी प्रभाकर. शाळेत कायदा पाळावा."

शाळेला रॅम्प मंजूर झाला ती गंमत तर आजही आमच्याकडे सांगतात. ठेकेदारानं फाटकापासून व्हरांड्यापर्यंत सिमेंटचा उतार घातला. उतार कसला, घसरगुंडीच. काम झालं म्हणून सही घ्यायला तो आला, तेव्हा मधली सुट्टी होती. विमलताई म्हणाल्या, "सही देते. आधी बसा." आणि खाजाभाईचा ठेला दाखवला. ठेकेदार आधी हसला. मग सगळी पोरं जमली म्हणून बसला. खाजाभाईनं पोत्यासारखा ढकलायला सुरुवात केली. निम्म्यावर ठेला थांबला, मग उलटा निघाला, आणि ठेकेदार दोन्ही हातांनी फळ्या धरून ओरडला, "अम्मो! पट्टुको, पट्टुको!" धर, धर! पोरं आडवी झाली हसून. सफिया तर डोळे पुसत होती. "क्या साब," खाजाभाई धापा टाकत म्हणाला, "मैं मिरची चढाता, आदमी नइ चढाता." रॅम्प फोडून पुन्हा लांब, सोपा घातला गेला. त्यावरून सफिया नववीपर्यंत तळमजल्याच्या वर्गात आली.

दहावीच्या वर्षी मात्र शाळांचं एकत्रीकरण निघालं. कमी पटाची एक प्राथमिक शाळा आमच्या इमारतीत आली. लहान मुलं म्हणून तळमजल्याच्या खोल्या त्यांना, आणि दहावी दुसऱ्या मजल्यावर. हेडमास्तर बदलून गेले होते, नवे येईपर्यंत इनचार्ज मी. हेडमास्तरांच्या खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी नुकतीच लागली होती. विमलताई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेलेल्या. जाताना बजावून गेल्या होत्या, "दहावी खालीच ठेव हं. कायदा सांगून भांड. भांडता येत नसेल तर मला फोन कर."

मी भांडलो नाही. फोनही केला नाही. प्राथमिकच्या बाई तयार होत नव्हत्या, वरचे साहेब म्हणत होते, तुमचं तुम्ही मिटवा. मग मी खाजाभाईला बोलावून घेतलं आणि मला जी फार चांगली वाटली अशी तोड काढली. म्हटलं, "बच्ची कू कायकू परेशान करना? घर में पढने दो. हाजरी मैं डाल देता. इम्तिहान में बिठाएंगे." खाजाभाईनं माझा हात धरून डोळ्यांना लावला. स्टाफरूममध्येही सगळे म्हणाले, सरांचं काळीज मोठं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हेही लिहून टाकतो.

विमलताई परत आल्या त्या दिवशी दुपारच्या जेवणात अंडी होती. सरकारी शाळांत हजेरीच्या आकड्यावर अंडी उकडतात. मी खोलीत डबा उघडत होतो. त्या दारात आल्या. दोन मजले चढून-उतरून दम लागलेला. हातात रुमाल, चिमटीत धरलेला, अंगापासून लांब. जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई. त्यांनी रुमाल माझ्या टेबलावर सोडला. आत उकडलेलं अंडं होतं.

"स्वयंपाकाच्या बाया म्हणतात, दर वेळी एक उरतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सरांना विचारू. सफिया हजर आहे म्हणे. मला वर्गात काही सापडेना. तुला दिसली तर हे दे तिला."

मी खुलासा करायला लागलो. तिचेच हाल वाचले, जिने चढणार कशी, परीक्षेला बसवणारच आहोत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या बसल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण आवाज अगदी खाली गेला.

"गैरहजर मांडली असतीस तर कुणीतरी विचारलं असतं, का येत नाही. आता विचारायलाही जागा ठेवली नाहीस रे. अक्का आत्या आमच्या घरात हजरच होती."

मग त्यांनी खोलीत नजर फिरवली. "ही खोली खाली आहे. मोठी आहे. तू वर जा, दहावी इथं आण. तुझे पाय चांगले आहेत."

मी म्हटलं, "बघू." म्हटलं, तिजोरी आहे, लोखंडी कपाटं आहेत, साहेबांना विचारायला हवं. साहेबांना मी विचारलंच नाही. कपाटं हलवायला आमचा अटेंडर नरसिम्लू आणि चार पोरं पुरली असती. मला त्या दारावरची पाटी सोडवत नव्हती. आज इतक्या वर्षांनी वय माझंही निवृत्तीला आलं, तेव्हा हे एवढं साधं कारण मला लिहिता येतं आहे.

दुसऱ्या दिवसापासून विमलताईंनी तासाच्या सुरुवातीला प्रश्न विचारला की वर्गातली पोरं गप्प राहायची. "वच्चिन्रु" म्हणावं की "राले", त्यांना कळेना. हजेरीपत्रक एक सांगत होतं, सफियाचा बाक दुसरं. शेवटी विमलताईंनी प्रश्न विचारणंच सोडलं. घंटा झाली की खडू लागायचा. त्यांचा कोर्स त्या वर्षी वेळेत पुरा झाला.

संक्रांतीची सुट्टी संपली आणि मी खोली दिली. कुणी सांगितलं म्हणून नाही. भिंतीपलीकडची ती थांबलेली शांतता ऐकू येईना, म्हणून असेल. नरसिम्लूनं कपाटं वर नेली, बाक खाली आणले. मी आणि विमलताई सफियाला आणायला गेलो. मशिदीमागच्या बोळात एक खोली. सफिया चटईवर बसली होती, समोर लाखेच्या बांगड्यांचं ताट, चिमट्यानं एकेक खडा उचलून बसवत होती. हात असा चालत होता की कित्येक महिने हेच करतेय हे दिसत होतं. ओढणीची कड पांढरी होती.

"चल बेटी," विमलताई म्हणाल्या, "क्लास नीचे आ गई. सर की खोली में."

सफियानं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखरच कोड्यात पडली होती. "पर सर, मैं तो हाजिर ऊँ ना? अब्बा बोले, सर रोज हाजरी डालरे."

मी ताटातल्या बांगड्यांकडे बघायला लागलो.

"अब कायकू टीचर?" ती विमलताईंना म्हणाली. "सब आगे निकल गए. मैं जा के बैठूँगी तो सब कू रुकना पडता."

"तो रुकेंगे," विमलताई म्हणाल्या. "रुकने का काम मेरा है."

सफिया हसली आणि पुढचा खडा उचलला. खाजाभाई दारात उभा होता. तो मलाच धीर द्यायला लागला, "नक्को साब, आप फिकर मत करो. आप तो मेहरबानी करे थे."

परतताना विमलताई माझ्या स्कूटरवर बसल्या. पहिल्यांदाच आणि शेवटचंच.

पुढचं आधी सांगून टाकतो. सफियानं त्या वर्षी परीक्षा दिली नाही. विमलताई निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्या बोळात जाऊन तिला गणित शिकवत राहिल्या. ज्या घरबसल्या शिक्षणाशी त्या जन्मभर भांडल्या, तेच स्वतःच्या पायांनी तिच्या दारी नेत होत्या. सफिया बाहेरून परीक्षेला बसली आणि पास झाली. मी पेढे घेऊन नल्लकुंट्याला गेलो. विमलताईंनी पेढा घेतला, बशी पुढे केली. "गुण मिळाले रे तिला," म्हणाल्या. "वर्ग नाही मिळाला." तोवर नवा कायदा आला होता, जुन्यापेक्षा कडक. त्यांनी त्याचीही झेरॉक्स आणून ठेवली होती, त्याच लक्ष्मीच्या कव्हरात. नंतर गुडघे गेले, तेव्हा लेक त्यांना नांदेडला घेऊन गेली. गेल्या महिन्यात तिचाच फोन आला. आई गेली म्हणाली. पिशवीत एक चोपडं सापडलंय, तुम्हाला द्यायचं सांगून ठेवलं होतं.

पण माझ्या डोळ्यांपुढे त्या राहिल्यात त्या त्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशीच्या.

आमच्याकडे समारंभ नेहमी दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. स्टेज तिथंच, पंखे तिथंच. हार आले, शाल आली, साहेब येऊन खुर्चीत बसले. मी माईक हातात घेतलेला. ज्यांचा समारंभ, त्यांचाच पत्ता नाही. नरसिम्लू खाली जाऊन आला आणि माझ्या कानात म्हणाला, "सार, मॅडम ऊपर नइ आतुं बोलरे."

मी जिन्याशी गेलो. जिना मधे मोकळा, वरून तळ दिसायचा. खाली शेवटच्या पायरीवर विमलताई बसल्या होत्या, ठेवणीतली इरकली नेसून. पलीकडे व्हरांड्यात खाजाभाईचा ठेला उभा होता, आणि त्यावर सफिया, हळदीनं माखलेल्या गोणपाटावर. मॅडमचा निरोप म्हणून बापानं आणली होती. दोघींचं काहीतरी हसणं चाललं होतं.

माझी चाहूल लागली तशी विमलताईंनी मान वर केली. माझ्यामागे कठड्याशी शिक्षक, पोरं, हार घेतलेल्या मुली, सगळे येऊन वाकून बघत होते. त्यांनी चष्मा सारखा केला. पदर खोचला. आणि वर्गात विचारायच्या त्याच आवाजात, खालून वर विचारलं,

"अंदरु वच्चिन्रा?"

पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. हॉलमधून साहेब विचारत होते, काय झालं, सुरू करा. माझ्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळे मी जे म्हटलं ते हॉलभर, जिनाभर, खाली गल्लीपर्यंत गेलं.

"राले टीचर."

विमलताईंनी हाताची घडी घातली आणि पायरीवर जरा सरकून शेजारी जागा केली.

"ऐते, आगुदां," त्या म्हणाल्या. मग थांबू या.

मी माईक नरसिम्लूकडे दिला, हॉलमधली एक खुर्ची उचलली आणि जिना उतरायला लागलो. माझ्यामागे खुर्च्या घासल्याचे आवाज येऊ लागले.